टफन काचेला हिरा लावण्याआधी

मागच्या उन्हाळ्यात एक काकाजी टेम्पोत काचेचं दार घेऊन माझ्या दुकानापुढे उभे राहिले. नागपुरातलं कुठलं तरी शोरूम बंद पडलं, त्याच्या भंगारातून घेतलेलं दार. सात फूट लांब, अडीच फूट रुंद, १२ मिलिमीटर जाड. गावात किराण्याचं दुकान टाकायचं होतं त्यांना. म्हणाले, "बाबू, याच्या चार फळ्या करून दे. मजुरी सांग."

मी म्हटलं, "काकाजी, हे कापलं जात नाही."

"काहून नाही? काचच हाये ना? हिरा मारून पाह्य ना एकडाव!"

हिरा म्हणजे आमचा काच कापायचा कटर. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी माझं काच, फ्रेम आणि अॅल्युमिनियमचं दुकान आहे. हा संवाद महिन्यातून दोन-तीनदा तरी होतो. कधी गॅसच्या शेगडीवरची काच असते, कधी जुन्या गाडीच्या दाराची, कधी टीपॉयवरची. प्रत्येकाला वाटतं की याला जमत नाही म्हणून हा नाही म्हणतोय. तेव्हा एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

टफन काच, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच, एकदा भट्टीतून निघाली की ती कापता येत नाही. घरीही नाही आणि कारखान्यातही नाही. कारखानेवाले आधी साधी काच मापात कापतात, कडा घासतात, भोकं पाडतात आणि मगच तिला भट्टीत घालतात. घरी किंवा दुकानात आपल्या हाती उरतं ते एवढंच: काच ओळखणं, माप बरोबर घेणं, साधी काच नीट कापणं आणि नको असलेली टफन काच कोणाला न लागता मोडणं.

का कापत नाही

लोहार विळ्याला पाणी देतो, तसंच हे काम आहे. साधी काच सुमारे ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापवतात आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचे जोरदार झोत सोडतात. वरचा थर लगेच थंड होऊन घट्ट होतो. आतला भाग उशिरा थंड होतो, आकसतो आणि वरच्या थराला आत ओढत राहतो. त्यामुळे काचेचा पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो आणि पोट कायमचं ताणात. दाबाचा हा थर प्रत्येक बाजूने जाडीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा असतो. म्हणजे ५ मिलिमीटरच्या काचेत वरून एक आणि खालून एक मिलिमीटर.

हा दाब आहे म्हणून टफन काच त्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा चार-पाच पट भार झेलते. साधी काच एका जागी गरम आणि दुसऱ्या जागी थंड झाली, तर ४० अंशांच्या आसपासच्या फरकानेही तडकू शकते. टफन काच २०० अंशांच्या आसपासचा फरक सोसते. शेगडीवर हीच काच का बसवतात, ते यावरून कळेल.

आता हिऱ्याचं काम बघा. आपण काच कापतो म्हणतो खरं, पण कापत नाही. वर एक बारीक चीर पाडतो आणि वाकवून त्या चिरेवर तोडतो. टफन काचेवर वरची चीर दाबामुळे मिटलेलीच राहते, पुढे सरकत नाही. आणखी जोर लावून चीर खोल नेली आणि ती पोटातल्या ताणाला भिडली, की मग आपल्या हातात काही राहत नाही. तडा सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर वेगाने धावतो, फाटे फोडत जातो, आणि अख्ख्या काचेचा एका क्षणात ज्वारीच्या लाह्यांसारखा चुरा होतो. युरोपातल्या मानकाप्रमाणे ४ ते १२ मिलिमीटरची टफन काच फुटल्यावर ५ बाय ५ सेंटिमीटरच्या चौकोनात कमीत कमी ४० तुकडे दिसले पाहिजेत. लांब सुऱ्यासारखे तुकडे न होता हे बोथट खडे होतात, म्हणून तिला सुरक्षा काच म्हणतात. फुटणं हाच तिचा गुण आहे, आणि म्हणूनच ती कापता येत नाही.

मोबाईलवर नाना युक्त्या दाखवतात. पाण्याखाली कैचीने कापा म्हणतात, घासलेटात भिजवलेला दोरा गुंडाळून पेटवा म्हणतात, ग्राइंडरला डायमंड चकती लावा म्हणतात. दोऱ्याची युक्ती साध्या बाटलीवर चालते. ग्राइंडर टफन काचेला काठावर लावला, तर काच फुटते आणि हातातली फिरती चकती तो चुरा तोंडावर उडवते. हा प्रकार एका ओळखीच्या वेल्डरने माझ्यासमोर केला होता. डोळा वाचला तो वेल्डिंगचा चष्मा घातलेला होता म्हणून.

एक मार्ग कागदावर आहे. काच पुन्हा साडेपाचशे अंशांच्या आसपास तापवायची, सगळीकडे सारखी तापली की अगदी सावकाश थंड करायची, म्हणजे तिचं पाणी उतरतं आणि ती साधी होते. त्यासाठी अंशाअंशाने ताप सांभाळणारी भट्टी लागते. कुंभाराच्या आव्यात किंवा विटांच्या भट्टीत ते होत नाही. झालं तरी काच वाकते, आणि हाती येते ती साधीच काच. तेवढ्या खर्चात नवी साधी काच घेऊन वर पैसे उरतील.

ओळखायची कशी

आधी चारही कोपरे पुसून बघा. कंपनीचा छोटा शिक्का असतो. त्यात टफन्ड किंवा टेम्पर्ड असं लिहिलेलं असतं, बऱ्याचदा आयएस २५५३ हा भारतीय मानकाचा आकडाही. तो नखाने किंवा थिनरने जात नाही. शिक्का दिसला की विषय संपला. पण शिक्का नाही म्हणजे काच साधी आहे, असं समजू नका. स्वस्तातल्या मालावर तो नसतोही, आणि कधी फ्रेमच्या आत दडलेला असतो.

दुसरी खूण कडेची. टफन काचेच्या कडा भट्टीत जाण्याआधीच घासलेल्या असतात, म्हणून सगळीकडे सारख्या गुळगुळीत लागतात. कोरी, धारदार कड दिसली तर काच बहुतेक साधी. घासलेली कड दिसली तर मात्र दोन्ही शक्यता राहतात.

पक्की परीक्षा पोलराइज्ड गॉगलने होते. मोटारसायकलवाल्या पोरांकडे हल्ली असतो. लॅपटॉपच्या पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, काच पडदा आणि डोळा यांच्यामध्ये धरा, गॉगल घाला आणि मान थोडी तिरपी करत बघा. टफन काचेत करडे ठिपके किंवा पट्टे दिसतात, बिबट्याच्या अंगावर असतात तसे. साधी काच कोरी दिसते. संध्याकाळी चारचाकीच्या मागच्या काचेवर गॉगलमधून जे डाग दिसतात, ते हेच. काचेवर टिचकी मारून आवाजावरून ओळखतो म्हणणारे बरेच भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.

गाडीची पुढची काच वेगळी असते. तिला लॅमिनेटेड म्हणतात. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, आणि कडेकडून पाहिलं की मधली रेघ दिसते. ती तडकते पण सांडत नाही. गाडीच्या बाजूच्या काचा मात्र बहुधा टफन असतात.

माप द्यायचं असं

टफन काच हवीच असेल तर ऑर्डर देऊनच करावी लागते. भट्टी मोठ्या शहरात असते, आमचा माल नागपूरहून येतो. एकदा आली की सूतभरही कमी करता येत नाही. म्हणून खरं काम मापाचं आहे.

हे मी पैसे भरून शिकलो. एका जुन्या वाड्याच्या माडीला खिडकी बसवायची होती. मी वरच्या बाजूला टेप लावला, माप फूट, इंच आणि सूत असं कागदावर लिहिलं आणि फोनवर सांगितलं. काच आली आणि खालच्या कोपऱ्यात बसेना. मातीची भिंत, शंभर पावसाळे पाहिलेली चौकट, ती खाली अरुंद झालेली. ५ मिलिमीटरसाठी सुताराला चौकट तासायला लावली, वरून गिऱ्हाइकाचं बोलणं खाल्लं.

तेव्हापासून माझी रीत अशी. रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजायची. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. तिन्हीतलं सर्वांत लहान माप धरायचं. मग दोन्ही कर्ण मोजायचे. कर्णांत फरक आला म्हणजे चौकट गुनियात, म्हणजे काटकोनात, नाही, आणि अशा वेळी आकडे न देता पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा साचा कापून तोच पाठवायचा. साच्यावर "बाहेरची बाजू" आणि "वर" असं लिहायचं, नाहीतर आरशासारखी उलटी काच घरी येते. धरलेल्या मापातून प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर कमी करायचे. काचेला फ्रेममध्ये हलायला जागा लागते, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि अॅल्युमिनियम काचेपेक्षा जास्त फुगतं.

माप मिलिमीटरमध्येच द्या. एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत ३ मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त. आपला मिस्त्री सुतात बोलतो आणि कारखाना मिलिमीटरमध्ये, या भाषांतरातच बहुतेक काचा वाया जातात. फोनवर आकडा सांगू नका, कागदावर लिहून फोटो पाठवा.

मूठ, बिजागरी, नळाचं भोक, कापलेला कोपरा, सगळं ऑर्डर देतानाच ठरलं पाहिजे. भोकाचा व्यास काचेच्या जाडीपेक्षा लहान नको, आणि भोकाची कड काचेच्या काठापासून जाडीच्या दुपटीइतकी तरी आत हवी. आतला कोपरा कधीही काटकोनात टोकदार मागू नका, गोलाई द्या. टोकातूनच तडा सुरू होतो.

साधी काच कापताना

काकाजींच्या फळ्यांसाठी मी शेवटी ६ मिलिमीटरची साधी काच कापून दिली, कडा घासून, खाली थोड्या-थोड्या अंतरावर टेकू देऊन. अरुंद फळीला ते चालतं. दाराला, न्हाणीघराला, जमिनीलगतच्या खिडकीला किंवा डोक्यावरच्या छताला साधी काच लावू नका. ती फुटली तर तलवारीसारखे तुकडे पडतात.

तयारी आधी. पायात बूट, चप्पल नको. पूर्ण बाह्यांचा सदरा, डोळ्यांना बाजूने बंद असलेला चष्मा. काच उचलताना हातमोजे. सपाट टेबल, त्यावर सतरंजी किंवा जुनी चादर एकपदरी, घड्या नकोत. पोरंबाळं, कुत्री आणि कोंबड्या अंगणाबाहेर.

काच रेघेच्या जागी पुसून कोरडी करा. धूळ राहिली की चाक उडी मारतं आणि रेघ तुटते. आमच्याकडे उन्हाळ्यात दर दहा मिनिटांनी धूळ बसते, म्हणून मी हे काम सकाळीच करतो. मार्करने खुणा करा. पट्टी खुणेवर ठेवू नका. कटरचं चाक पट्टीच्या कडेपासून २-३ मिलिमीटर दूर चालतं, तेवढं अंतर आधी मोजून पट्टी मागे सरकवा. पट्टीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला की ती घसरत नाही.

चाकाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावा. पूर्वी सगळे घासलेट वापरायचे. आता ते मिळणं कठीण झालं, तेल तेवढंच चांगलं चालतं. लांबच्या काठापासून स्वतःकडे एकाच दमात रेघ ओढा. "सर्रर्र" असा सलग, बारीक आवाज आला पाहिजे. कचकच आवाज आला किंवा रेघेतून पांढरी पूड उडाली म्हणजे जोर जास्त झाला. आवाजच नाही आला म्हणजे कमी. रेघ पुसट वाटली म्हणून तिच्यावरून दुसऱ्यांदा कटर फिरवू नका. नवशिके काच वाया घालवतात ती याच ठिकाणी, आणि चाकही मरतं.

रेघ पडली की लगेच तोडा. शिळ्या रेघेवर काच नीट तुटत नाही. रेघेच्या बरोबर खाली आगपेटीची काडी ठेवा किंवा रेघ टेबलाच्या कडेवर आणा, दोन्ही बाजूंना तळहात ठेवा आणि झटकन, न कचरता खाली दाबा. हळूहळू दाब वाढवला की तडा वाकडा जातो. बोटभर रुंदीची पट्टी काढायची असेल तर हाताने नाही, काचेच्या पकडीने. आतला गोल किंवा चौकोनी खाच घरी कापायच्या भानगडीत पडू नका.

कडा मारायला पॉलिश पेपर १२० नंबरचा, मग २२० चा, दोन्ही पाण्यात भिजवून. कोरडं घासू नका, ती पूड फुप्फुसात जाते. घासण्याची दिशा काठाच्या लांबीने ठेवा, आडवी ठेवली की टवके उडतात.

लॅमिनेटेड काच साध्या काचांची बनलेली असेल तर कापता येते. दोन्ही बाजूंना समोरासमोर रेघ मारून दोन्हीकडून तोडायची आणि मधला पापुद्रा गरम हवेच्या गनने मऊ करून ब्लेडने कापायचा. काही जण तिथे स्पिरिट ओतून पेटवतात, दुकानं जळाली आहेत त्यापायी. पहिल्यांदा करणाऱ्याने हे काम काचवाल्याकडेच न्यावं.

टफन काच घरात पडून असेल तर

चौकट काचेला बसवा, काच चौकटीला नाही. लाकूड कापतं, लोखंड कापतं, प्लाय कापतं. एका शेतकऱ्याकडे सोलर वॉटर हीटरच्या जुन्या पेटीवरची टफन काच होती, ४ मिलिमीटरची. त्याने काचेच्या मापाचा लाकडी खोका केला, आतून काळा रंग दिला, खाली-वर हवेला भोकं ठेवली, आणि आता त्यात मिरच्या आणि आंब्याच्या फोडी धूळ न लागता वाळतात. सोलर पंपाच्या पॅनेलवरची काचही टफनच असते, पण फुटलेल्या पॅनेलवरून काच सोडवत बसू नका. ती खालच्या प्लास्टिकला चिकटलेली असते, आणि उन्हात पॅनेलमध्ये वीज चालूच असते.

ठेवताना काच उभी ठेवा, खाली दोन लाकडी पट्ट्या किंवा रबर. टफन काचेचं तोंड दगडासारखं कठीण, पण कोपरा नाजूक. शहाबादी फरशीवर कोपरा टेकवला आणि अख्खं दार सांडलं, असं मी दोनदा पाहिलं आहे. नेताना काखेत धरू नका. हातातून निसटली तर पकडायला जाऊ नका, पाय मागे घ्या.

कधी काच रात्री आपोआप फुटते. कोणी हात लावलेला नसतो, आणि घरात नजर लागल्याची चर्चा सुरू होते. काचेत निकेल सल्फाइडचा डोळ्याला न दिसणारा कण राहिलेला असला, तर तो वर्षांनंतरही फुगून तिला फोडू शकतो. बसवताना कडेला लागलेला मारही उशिरा आपला हिशेब चुकता करतो.

मोडायचीच झाली तर

खुल्या जागेत जाड ताडपत्री अंथरा. काचेच्या दोन्ही बाजूंना पॅकिंगची चिकटपट्टी शेजारी-शेजारी लावून पूर्ण झाका. काच ताडपत्रीवर आडवी ठेवा, वर जुनी गोधडी टाका, फक्त एक कोपरा उघडा ठेवा. चष्मा, चामडी हातमोजे, बूट घाला. काठाच्या अगदी जवळ सेंटर पंच, म्हणजे खूण पाडायचं टोकदार पोलादी हत्यार, टेकवून हातोडीचा एक ठोका द्या. मधोमध घण घालत बसू नका, मधोमध ती दाद देत नाही. एसटीत अडकलात तरी हेच लक्षात असू द्या, काच कोपऱ्याजवळ फोडायची. मोडल्यावर काही मिनिटं थांबा. तुकडे त्यानंतरही टिकटिक करत फुटत असतात.

चुरा ताडपत्रीसकट गोळा करून दुहेरी पोत्यात भरा, बाहेर "काच" असं लिहा, आणि जागा झाडून मग ओल्या फडक्याने टिपून घ्या. एक गोष्ट हात जोडून सांगतो, हा चुरा उकिरड्यावर टाकू नका. उकिरड्याचं खत होतं, खत वावरात जातं, आणि निंदणाऱ्या बाया अनवाणी असतात. बैलाच्या खुरात गेलेला खडा लवकर सापडतही नाही.

लागलंच तर स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा आणि हात वर ठेवा. खोल रुतलेला तुकडा उपटू नका, त्याच्या भोवती दाब द्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. रक्त थांबत नसेल तर १०८ लावा. जखमेत हळद, चुना, तंबाखू काही भरू नका, डॉक्टरांना आधी तेच धुवावं लागतं. डोळ्यात कण गेला तर चोळू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा.

काकाजींच्या दाराचं वजन सुमारे ४९ किलो भरलं. दर चौरस मीटरला प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो, असा हिशेब आहे. आम्ही चौघांनी ते गावी नेलं, सुताराने त्याच मापाचं सागाचं ठाण बांधलं, वर प्लाय आणि प्लायवर पातळ रबर अंथरून दार आडवं टाकलं. झाला गल्ला. मुठीचं भोक मात्र तसंच राहिलं. त्यातून सुतळी ओवून काकाजींनी उधारीच्या वहीचा पेन बांधून ठेवला आहे.